मॅडम, फाइल उघडत नाही

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा आणि एप्रिलची अखेर, या दोन वेळांना महाराष्ट्रातले प्राथमिक शिक्षक इंटरनेटवर एकच गोष्ट शोधत असतात: वर्णनात्मक नोंदी. ज्यांच्या घरात कुणी शिक्षक नाही त्यांच्यासाठी सांगते. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि पहिली ते आठवीच्या मुलांचं नुसते गुण लिहून भागेनासं झालं. प्रत्येक मुलाबद्दल, प्रत्येक विषयात, शब्दांत लिहायचं. ‘सूचना लक्षपूर्वक ऐकतो’, ‘परिसरातील घटना स्वतःच्या शब्दांत सांगते’, ‘उदाहरणे सोडवताना घाई करतो’. वर्गात तीस मुलं आणि सात-आठ विषय धरले तर दुसऱ्याच संध्याकाळी शिक्षकाची मराठी संपते. मग तो गुगलवर जातो. तिथे त्याला दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यातला शिक्षक भेटतो, ज्याने स्वतःची मराठी संपायच्या आत नोंदी टाइप करून ब्लॉगवर ठेवलेल्या असतात.

मी या दुसऱ्या प्रकारातली. मूळची लातूर जिल्ह्यातली, औसा तालुका. शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली ती मात्र रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत. टँकरची वाट बघत मोठी झालेली मी, आणि इथे जूनमध्ये वाळत घातलेली साडी गणपतीपर्यंत ओलसर. द्विशिक्षकी शाळा, चार इयत्ता, आणि दोघांतले मुख्याध्यापक सतत कुठल्या ना कुठल्या बैठकीला गेलेले. संध्याकाळी पाचनंतर बोलायला माणूस नाही. माझ्या ब्लॉगचं पुढे कौतुक झालं तेव्हा लोकांनी त्याला ‘शैक्षणिक योगदान’ वगैरे म्हटलं. मी तो सुरू केला ते बोलायला कुणीतरी हवं होतं म्हणून. नोंदी हे निमित्त.

ब्लॉग ही वस्तूच आता जुनाट झाली आहे, म्हणून थोडं मागे जाते. इंटरनेटवर स्वतःचं पान करायचं तर पूर्वी एचटीएमएल यायला हवं, जागा भाड्याने घ्यायला हवी, फाइली चढवायला हव्यात. ऑगस्ट १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या पायरा लॅब्ज नावाच्या छोट्याशा कंपनीने ब्लॉगर काढलं आणि ही सगळी कटकट पडद्याआड ढकलली. चौकटीत लिहा, बटण दाबा, झालं प्रसिद्ध. नवं वर, जुनं खाली, आणि प्रत्येक लेखाला स्वतःचा वेगळा पत्ता. फेब्रुवारी २००३ मध्ये ती कंपनी गुगलने विकत घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात वर्डप्रेस आलं. जाणकार सांगायचे, वर्डप्रेसच घ्या. खरंच ते चांगलं होतं, पण त्यातला चांगला भाग वापरायचा तर सर्व्हरवरच्या जागेचे दरवर्षी पैसे भरावे लागायचे, आणि शिक्षणसेवकाच्या मानधनात हे बसत नव्हतं. ब्लॉगर फुकट होतं, जीमेलचं खातं असलं की पुरे. जिल्हा परिषदेचे बहुतेक गुरुजी ब्लॉगस्पॉटवर सापडतात त्यामागचं गुपित एवढंच. परदेशातल्या मराठी माणसांची ‘मायबोली’ १९९६ पासून गजबजलेली होती. शहरातले ब्लॉगलेखक सिनेमा, पुस्तकं, प्रवास यांवर लिहीत होते. आम्ही उशिरा पोचलो, आणि पोचलो ते परिपाठ, टाचण आणि शालेय पोषण आहाराचे तक्ते घेऊन.

आधी मराठी टाइप करण्यातच दमछाक. शाळेत येणारी परिपत्रकं, प्रश्नपत्रिका तेव्हा बहुतेक जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसता चिन्हांचा चिवडा. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. फॉन्ट गेला की खालचं उघडं पडायचं. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो जगभर एकच. त्यामुळे मजकूर कुठल्याही यंत्रावर मराठीच राहतो, मुख्य म्हणजे गुगलला तो सापडतो. ब्लॉगवर युनिकोडशिवाय गत्यंतर नव्हतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी शिक्षकांनी युनिकोड शिकून घेतलं ते आदेश आला म्हणून नाही, ब्लॉगपायी. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटवणारं गुगलचं साधन आम्ही वापरायचो. त्यात ‘दऱ्या’ लिहायला जावं तर ‘दर्या’ उमटायचा. कोकणात दोन्ही आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही यायची नाही.

फोनची तऱ्हा आणखी वेगळी. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. त्यावर उपाय ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरमध्ये दडलेला होता: पत्त्याच्या जागी ‘कॉन्फिग’ टाइप करायचं, मग एक लपलेलं पान उघडायचं, त्यात अवघड लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरण्याचा पर्याय चालू करायचा. हा उपाय मी ब्लॉगच्या अगदी वर लिहून ठेवला होता, आणि तो इंग्रजीत. मराठीत लिहिला असता तर ज्याला त्याची गरज त्यालाच तो वाचता आला नसता.

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. तालुक्यातालुक्यात तंत्रस्नेही शिक्षकांच्या कार्यशाळा भरायला लागल्या आणि एका दिवसात ब्लॉग तयार करून मिळायला लागला. त्या कार्यशाळांतून निघालेले ब्लॉग कुठूनही ओळखू यायचे. वर सरकती पट्टी, ‘आपले सहर्ष स्वागत आहे’. कोपऱ्यात घड्याळ. माउसच्या मागे पळणाऱ्या चांदण्या. तळाशी भेट देणाऱ्यांची संख्या मोजणारं यंत्र. हे मला तेव्हा आवडत नव्हतं आणि अजूनही आवडत नाही. टूजीवर ते पान उघडेपर्यंत मधली सुट्टी संपायची.

चांदण्यांचं एकवेळ चालेल, पण संख्या मोजणाऱ्या यंत्राने आमच्या लोकांना खरंच वेड लावलं. ब्लॉगरच्या आतल्या बाजूला आकडेवारीचं पान असतं; कुठल्या देशातून किती जण आले ते तिथे नकाशावर हिरव्या रंगात दिसायचं. अनेकांच्या नकाशावर भारताच्या खालोखाल रशिया आणि युक्रेन. ‘आमचा ब्लॉग रशियातही वाचला जातो’ असं केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अभिमानाने सांगितलेलं मी कानांनी ऐकलं आहे. टाळ्याही पडल्या. इयत्ता तिसरीच्या परिसर अभ्यासाची प्रश्नपेढी रशियात कोण वाचणार? ती माणसं नव्हतीच. स्वयंचलित प्रोग्रॅम ब्लॉगांवर धडकत आणि आपल्या साइटचा पत्ता आकडेवारीत टाकून जात. ब्लॉगवाला कुतूहलाने तो पत्ता उघडून बघेल, हा त्यामागचा हेतू. आमच्या आकड्यांत किती वाचक आणि किती धडका, हे वेगळं करायची सोय त्या पानावर नव्हती.

मला माझे वाचक दिसले ते गुगल ड्राइव्हमुळे. ड्राइव्ह २०१२ मध्ये आलं. ब्लॉगरवर वर्डची फाइल थेट चढवता येत नाही. ती ड्राइव्हवर ठेवायची आणि ब्लॉगवर तिचा दुवा द्यायचा. तिथे मालकापुढे पर्याय असतो: दुवा हाती लागलेल्या कुणालाही फाइल उघडू द्यायची, की बंद ठेवायची. बंद असली तर येणाऱ्याला पाटी दिसते, परवानगी मागा. त्याने बटण दाबलं की मालकाला मेल जातो. त्या बटणाच्या वर एक छोटी चौकट असते, तिथे मागणाऱ्याला वाटलं तर दोन ओळी लिहिता येतात. बाकीचे शिक्षक फाइली उघड्या ठेवायचे. मी मुद्दाम बंद ठेवायचे.

लोक वैतागायचे. ‘मॅडम, फाइल उघडत नाही.’ ‘द्यायची नसेल तर ठेवता कशाला?’ असंही एकाने विचारलं, आणि त्याला मी सर्वांत आधी परवानगी दिली. पण बरेच जण त्या चौकटीत काहीबाही लिहायचे. ‘उद्या केंद्रप्रमुख भेटीला येणार, आजच द्या ताई.’ ‘बायको बाळंतपणाच्या रजेवर, तिच्या वर्गाच्या नोंदी माझ्याच गळ्यात आल्यात.’ ‘अक्राणी तालुक्यातून. टेकडीवर चढलं की रेंज येते. आत्ता वर आहे, अंधार पडायच्या आत द्या.’ परवानगी देताना मीही एक ओळ लिहायचे: वर्गात मुलं किती? घरी कुठली भाषा बोलतात?

अक्राणीच्या गुरुजींची मुलं घरी पावरी बोलत. मग माझ्या नोंदी तुमच्या काय कामाच्या, असं मी विचारलं. ‘मुलगा मराठीत गप्प असला तरी पावरीत भरपूर बोलतो, हे तुमच्या कुठल्या वाक्यात बसवू?’ असा त्यांचा उलट प्रश्न आला. बसत नव्हतं. त्या दिवाळीत आम्ही दोघांनी मेलवर मिळून घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठी नोंदींचं वेगळं पान केलं. त्यांनी वर्गात लागणाऱ्या पावरी शब्दांची यादीही पाठवली: पाणी, दप्तर, पुढे ये, दुखतंय का. ती मी ब्लॉगवर टाकली तेव्हा सातपुड्यातल्या आणखी काही शाळांकडून मागणी आली, आणि एका बाईंनी अर्धे शब्द चूक आहेत, आमच्या पाड्यावर असं म्हणत नाहीत, म्हणून खरडपट्टी काढली. ती खरडपट्टीही मी यादीच्या खाली छापली.

विरजण मागायला आलेली शेजारीण नुसत्या विरजणासाठी आलेली नसते. त्या बंद फाइलीमागे माझा हिशोब हाच होता. टिप्पणीची चौकट प्रत्येक लेखाखाली होतीच, पण तिथलं लिहिणं चारचौघांत असतं. त्यामुळे तिथे ‘खूप छान उपक्रम मॅडम’, ‘प्रेरणादायी’ आणि जोडलेले हात. त्याच माणसाने त्याच दिवशी परवानगी मागताना लिहिलेलं असायचं, ‘पाचवीच्या तीन मुलांना वाचता येत नाही, काय लिहू?’ माणूस तोच, चौकट बदलली. समाजमाध्यमांवर माणसं खोटी वागतात अशी तक्रार मी नेहमी ऐकते. मला वाटतं, त्यातलं बरंचसं चौकट कुठे आणि कशी ठेवली आहे त्यावर ठरतं. चौकट ठेवणाऱ्या अभियंत्याला याची कल्पनासुद्धा नसते. त्याने ते बटण सुरक्षिततेसाठी केलेलं.

बहुसंख्य वाचक मात्र काही न मागता, न बोलता वाचून जात. त्यांच्याशी जे नातं तयार होतं त्याला एकच बाजू असते. मी ब्लॉगवर नोंदींखेरीजही लिहायचे: शाळेची कौलं वादळात उडाली, माझ्या मुलाचा दमा पावसाळ्यात बळावला, असं. एकदा रत्नागिरीला प्रशिक्षणाला गेले तर चहाच्या रांगेत एक बाई आल्या, माझा हात धरला आणि विचारलं, ‘बाळाचा दमा कसा आहे आता?’ त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती. मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ सालीच अशा नात्याबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यांच्यासमोर होता टीव्ही. पडद्यावरचा निवेदक कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, आणि घरात बसलेल्याला वाटतं, हा माझ्याशीच बोलतोय. रोज बघून बघून तो घरचाच होतो. निवेदकाला मात्र घरात बसलेला कधीच दिसत नाही. टीव्हीवर उलट बोलायची सोय नव्हती, ब्लॉगवर होती. तरी बहुतेकांना ती नको असते, हे मला त्या चहाच्या रांगेत कळलं. त्या बाईंनी कित्येक वर्षं वाचलं होतं, कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि त्यांच्या दृष्टीने आमची ओळख पक्की होती. मला आधी अवघडल्यासारखं झालं. मग त्यांनी सुंठीचा उपाय सांगितला आणि आम्ही बाकावर बसलो.

नोंदींच्या चोऱ्याही व्हायच्या. चोरी म्हणावी की नाही, हा प्रश्नच आहे. माझ्या फाइली वरचं नाव पुसून, दुसऱ्याच नावाचा शिक्का मारून फिरत परत माझ्याकडे यायच्या. एकदा तर आमच्याच केंद्रातल्या व्हॉट्सॲप गटावर आल्या. यावर तंत्रस्नेही मंडळींनी काढलेला तोडगा म्हणजे उजवी कळ बंद करणारा कोड. पानावर माउसची उजवी कळ दाबली की ‘कॉपी करण्यास मनाई आहे’ अशी चौकट उघडते. ज्याला कॉपी करायचीच आहे त्याला ब्राउझरमधून हे सहज टाळता येतं. अडतो तो फक्त एखादी ओळ मित्राला पाठवू बघणारा भला माणूस. मी तो कोड कधी लावला नाही. शिवाय आमच्या नोंदी तरी कुठे स्वयंभू होत्या? अर्ध्याअधिक पाठ्यपुस्तक मंडळाच्या शिक्षक हस्तपुस्तिकांवरून सुचलेल्या. नाव पुसणाऱ्याचा राग मला यायचा तो वेगळ्या कारणाने: त्याच्याकडून फाइल घेणाऱ्याला चूक सापडली तर ती सांगायला तो माझ्यापर्यंत पोचू शकत नव्हता.

मुलांच्या फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. वाडीतल्या निम्म्या मुलांचे वडील मुंबईला, कुणी नालासोपाऱ्यात, कुणी दिव्याला. शिमग्याला आणि गणपतीला गावी येणार, बाकी वर्षभर फोन. मी ब्लॉगवर बालसभेचे, वनभोजनाचे फोटो टाकायला लागले तेव्हा या चाकरमान्यांनी ते पान डोक्यावर घेतलं. लोकलच्या गर्दीत उभा राहून एक जण मुलीची कविता म्हणतानाची चित्रफीत बघायचा, आणि रात्री फोन करून तिला सांगायचा, दुसऱ्या कडव्यात अडखळलीस. शाळेबद्दल कधी चकार शब्द न काढणारे हे वडील. पालकभेटीत जे साधलं नसतं ते त्या पानाने साधलं, हे मी आजही म्हणेन.

मग त्याच मुलीची आजी एकदा शाळेच्या पायरीवर बसून मला म्हणाली, पोरीचा बाप बघतो ते बरं आहे, पण आणखी कोण कोण बघतं? मला उत्तर देता येईना. रशियाचं यंत्र मला माहीत होतं, चहाच्या रांगेतल्या बाई माहीत होत्या. बाकीचे कोण, हे मला कळायला मार्गच नव्हता. उघड्या पानाचं हे मूळ स्वरूपच आहे. फाइलीला मी दार लावलं होतं आणि मुलांच्या चेहऱ्यांना नाही, हे आजीच्या प्रश्नाने समोर आलं. त्या आठवड्यात मी चेहरे काढून टाकले. पुढे फक्त चित्रं, हस्ताक्षरं, मातीची बैलजोडी, पाठमोरी रांग. वडिलांसाठी चित्रफिती वेगळ्या, बंद दुव्याने, ज्याच्या त्याच्या मेलवर. काम वाढलं. नंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल असं आलं. तरी कार्यक्रम झाला की गणवेशातल्या मुलांचे नावानिशी फोटो उघड्या पानांवर पडतातच. ते टाकणाऱ्यांना वाईट म्हणायचं कारण नाही. त्यांच्या शाळेच्या पायरीवर कुणी आजी बसलेली नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला, म्हणजे बरोबर शिक्षक दिनी, जिओ सुरू झालं आणि वर्षभरात सगळं बदललं. डेटा पाण्यासारखा आला. नोंदी मागायला कुणी ब्लॉगवर येईना, कारण त्या व्हॉट्सॲपच्या गटावर आपोआप येऊन पडायच्या. एका गटात तेव्हा २५६ माणसं मावत, त्यामुळे ‘तंत्रस्नेही भाग १’, ‘भाग २’, ‘भाग ३’. फाइल कुणी केली, कुठल्या इयत्तेसाठी, चूक असेल तर कुणाला सांगायची, काही कळायला मार्ग नाही. जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवायची मर्यादा घातली, ती अफवांमुळे झालेल्या हत्यांनंतर. आमच्या गटांवर त्याचा परिणाम एवढाच झाला की लोक पाच-पाच करून पाठवायला लागले.

गटावर माणसं जास्त जवळ येतात असं म्हणतात. मला तसं दिसलं नाही. सकाळी सहाला सुप्रभात, दिवसभर माहिती भरण्याच्या लिंका, रात्री श्रद्धांजल्या. उत्तर दिलं नाही तर निळ्या खुणा चुगली करतात. ब्लॉगचा वाचक स्वतःच्या पायाने यायचा आणि गरज संपली की वर्षभर गायब व्हायचा, त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही. पुढच्या दिवाळीला परत मेल यायचा, ‘मॅडम, यंदा चौथी घेतलीय.’ हा एवढाच धागा, वर्षातून एकदा, आणि तो तुटायचा नाही. गटात मात्र आदल्या दिवशी वाढदिवसाला केक पाठवला नाही म्हणून रुसलेली माणसं मी बघितली आहेत. कोरोनाच्या काळात, शाळा बंद असताना, याच गटांनी खेड्यापाड्यांत अभ्यास पोचवला, हेही मी विसरलेले नाही. पोचवण्यासाठी ते साधन उत्तम. ओळख होण्यासाठी नाही.

ओळखीचा खरा उपयोग मला बदलीच्या वेळी कळला. घरी सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि लातूरला जाणं भाग पडलं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर एकतर्फी बदली मागता येते, पण त्यात नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता खालून सुरू होते, आणि रिक्त जागेची वाट बघण्यात माणूस म्हातारा होतो. दुसरा मार्ग आपसी बदली: लातूरमधून रत्नागिरीला यायला तयार असलेला, आपल्याच पदाचा आणि माध्यमाचा शिक्षक शोधून काढायचा. हा जोडीदार कुणी शोधून देत नाही. लग्न जमवणं सोपं, असं आमच्यात म्हणतात.

मी आधी जवळच्यांना विचारलं. केंद्रातले शिक्षक, डीएडच्या मैत्रिणी, नातेवाईक. सगळ्यांनी मनापासून धडपड केली आणि सगळ्यांनी मला त्याच तीन-चार माणसांची नावं आणून दिली, जी मला आधीच माहीत होती. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये यावर एक निबंध लिहिला, तो पुढे फार गाजला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, या नोकरीची खबर तुम्हाला ज्याच्याकडून कळली तो तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटत होता? नेहमी भेटणाऱ्यांकडून कळलेले जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण सरळ आहे. जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यांना माहीत असलेलं आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर येते ती लांबच्या, पातळ ओळखीतून.

माझ्या पातळ ओळखी सगळ्या जीमेलमध्ये साठलेल्या होत्या. एका रात्री मी परवानगीच्या जुन्या मेलांमध्ये ‘लातूर’ शोधलं, मग ‘उदगीर’, ‘अहमदपूर’, ‘निलंगा’. निलंग्यावर एक मेल अडकला. दर दिवाळीला दुसरीच्या नोंदी मागणारे एक सर. त्यांनी एका वर्षी चौकटीत लिहिलं होतं, ‘मी मूळचा लांज्याचा. इकडे आल्यापासून चांगला बांगडा बघितला नाही. तुमच्या फोटोतला पाऊस बघून बरं वाटतं.’ फाइल उघडी असती तर ते फाइल घेऊन गेले असते आणि हे वाक्य कुठेच लिहिलं गेलं नसतं. मी विचारलं, लांज्याला परत यायचंय का? उत्तर पंधरा मिनिटांत आलं, रात्री पावणेबाराला, आणि त्यात फक्त त्यांचा फोन नंबर होता.

पुढची कागदपत्रं, ना-हरकत, शपथपत्रं, पोर्टलवर अर्ज, या सगळ्यात बराच काळ गेला आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही. आदेश आले तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एकच टेम्पो ठरवला. जाताना माझा संसार, आंबा घाटातून कोल्हापूर, मिरज, सोलापूर करत निलंग्याला. तिथे तो उतरवून लातूरला माझ्या घरी न्यायला छोटी गाडी, आणि मोठ्या टेम्पोत सरांचा संसार भरून परत लांज्याला. भाडं निम्मं निम्मं. सर आणि मी अजून समोरासमोर भेटलेलो नाही. हजर व्हायच्या तारखा वेगळ्या पडल्या. ते आता माझ्या जुन्या शाळेवर आहेत आणि दुसरीच्या कपाटाचं दार कसं उचलून लावायचं हे त्यांना मी फोनवर समजावलं आहे.

त्या टेम्पोचा हिशोब, डिझेल, टोल, हमाली आणि मिरजेतल्या जेवणासकट, मी ब्लॉगवर टाकला, कुणाला लागला तर असावा म्हणून. नोंदी मागायला आता फारसं कुणी येत नाही. त्या हिशोबाखाली मात्र आपसी बदलीवाल्यांचे प्रश्न अजून येतात, बहुतेक हमालीच्या दराबद्दल.